मोठा रेडिएटर बसवला की इंजिन थंड चालतं का?

ऑस्ट्रेलियात जुन्या स्पोर्ट्‌स कारच्या शौकिनांचा अड्डा जमला आणि उन्हाळा तोंडावर असला, की एक प्रश्न हमखास निघतो. "गाडी तापते आहे. मोठा रेडिएटर टाकला तर किती अंश खाली येईल?" प्रश्न सरळ आहे, उत्तर तेवढं सरळ नाही. एकाच जातीच्या दोन गाड्यांना एकच रेडिएटर बसवला, तरी एक मालक चौदा-पंधरा अंशांचा फरक पडला म्हणून सांगतो आणि दुसरा म्हणतो की पैसे पाण्यात गेले. दोघंही खरंच बोलत असतात. ते कसं, हे या प्रकरणात पाहायचं आहे.

नमुन्याला माझदा आरएक्स-७ घेऊ. १९९१ साली आलेली तिची तिसरी पिढी, जिला शौकीन नुसतं 'एफडी' म्हणतात. ही निवड करण्याची कारणं दोन. ऑस्ट्रेलियाशी या गाडीचं नातं खास आहे. न्यू साउथ वेल्समधल्या बाथर्स्ट गावाजवळ माउंट पॅनोरमा नावाचा डोंगर आहे, आणि त्यावरच्या सर्किटवर बारा तासांची शर्यत होते. आरएक्स-७ ने ती १९९२, १९९३ आणि १९९४ अशी लागोपाठ तीनदा जिंकली. १९९३ च्या विजयी जोडीत फॉर्म्युला वनचे १९८० चे जगज्जेते ॲलन जोन्स होते. १९९५ मध्ये ही शर्यत सिडनीच्या पश्चिमेला ईस्टर्न क्रीकला भरली, तिथेही आरएक्स-७च जिंकली. त्या वर्षासाठी माझदाच्या ऑस्ट्रेलियातल्या मंडळींनी 'एसपी' नावाची आवृत्ती मोजक्या संख्येने काढली होती. तिच्यात इंटरकूलर सुधारलेला, नाक कार्बन फायबरचं, पेट्रोलची टाकी मोठी आणि ताकद १७६ किलोवॅटवरून २०४ वर नेलेली.

दुसरं कारण कमी गौरवाचं आहे. तापण्याच्या बाबतीत इतकी नाजूक गाडी शोधून सापडायची नाही. हिचं दुखणं कळलं, की एमएक्स-५ किंवा टोयोटा ८६ यांचं आपोआप कळतं.

१. एवढी उष्णता येते कुठून?

पेट्रोल जळून जी ऊर्जा मिळते, तिचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग गाडी पळवायच्या कामी येतो. तेवढाच भाग गरम धुराबरोबर सायलेन्सरमधून निघून जातो. उरलेला इंजिनाच्या भिंतींत शिरतो, आणि तो बाहेर काढला नाही तर धातू वाकतो, तेल पातळ होऊन जळतं, गास्केटं उडतात. हा भाग उचलून नेण्याचं काम कूलंट करतं. कूलंट म्हणजे पाणी आणि ग्लायकॉल यांचं मिश्रण. वॉटर पंप ते इंजिनाच्या पोकळ्यांतून फिरवतो आणि रेडिएटरमध्ये आणून सोडतो.

आरएक्स-७ चं इंजिन रोटरी आहे. त्यात वर-खाली होणारे पिस्टन नाहीत. लांबट पोकळीत फिरणारे दोन तिकोनी रोटर आहेत. प्रत्येकाची क्षमता ६५४ घन सेंटिमीटर, दोन्ही मिळून १३०८. एवढ्याशा इंजिनाला दोन टर्बो जोडून स्पोर्ट्‌स कारची ताकद काढलेली. यात गोम अशी की ज्वलन जिथे होतं ती जागा गोलसर नसून लांबट, चपटी असते. तेवढ्याच वायूला जास्त भिंत लागते, म्हणून जास्त उष्णता भिंतीत जाते. शिवाय पिस्टनच्या इंजिनात एकाच जागी थंड हवा आणि जाळ आळीपाळीने येतात. रोटरीत तसं नाही. पोकळीच्या एका बाजूला कायम ताजी हवा, दुसऱ्या बाजूला कायम जाळ. एक कड सतत तापलेली, समोरची तुलनेने गार.

त्यात पोकळीचं कवच ॲल्युमिनियमचं आणि दोन्ही अंगांच्या तबकड्या ओतीव लोखंडाच्या. तापल्यावर ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. या दोन धातूंच्या मध्ये कूलंट अडवणारी रबरी सील बसवलेली असतात. इंजिन एकदा चांगलंच तापलं, की ही सील कडक होतात, कवच किंचित वाकतं, आणि कूलंट थेंबाथेंबाने ज्वलनाच्या जागेत झिरपू लागतं. सकाळी गाडी सुरू करताना पांढरा धूर येतो आणि इंजिन क्षणभर अडखळतं. मग ते उतरवून उघडण्याखेरीज गत्यंतर नसतं. साध्या इंजिनात हेड गास्केट बदलून भागतं, इथे सगळा डाव नव्याने मांडावा लागतो. एफडीचे मालक तापमानाच्या काट्याकडे इतकं का बघत असतात, ते यावरून कळेल.

२. बशीतला चहा

रेडिएटर उष्णता नष्ट करत नाही, फक्त कूलंटकडून घेऊन हवेला देतो. कपातला कढत चहा आपण बशीत ओततो, कारण बशीत तोच चहा पसरट होतो, हवेला जास्त पृष्ठभाग मिळतो. वर फुंकर मारली की आणखी लवकर निवतो. रेडिएटरचा सगळा कारभार एवढाच आहे: पाणी पातळ थरांत पसरायचं आणि त्यावरून वारा न्यायचा.

हा पृष्ठभाग वाढवण्याची मोठी उडी विल्हेल्म मायबाख यांनी १९०० साली मारली. एमिल येलिनेक यांच्यासाठी बनवलेल्या ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीझमध्ये त्यांनी मधमाश्यांच्या पोळ्यासारखा दिसणारा रेडिएटर बसवला. ६ मिलिमीटर बाजूच्या चौकोनी नळ्या, एकूण ८,०७०. नळ्यांतून हवा जायची आणि त्यांच्या फटींतून पाणी. आधी १८ लिटर पाणी बाळगावं लागायचं, ते ९ लिटरवर आलं. गाड्यांना पुढून जो 'चेहरा' मिळाला, तोही या जाळीमुळेच.

आजच्या रेडिएटरमध्ये पाणी चपट्या नळ्यांतून जातं आणि दोन नळ्यांच्या मध्ये कागदासारख्या पातळ पत्र्याची नागमोडी घडी असते. तिला फिन म्हणतात. धातूच्या भिंतीला पाण्याकडून उष्णता घेणं सोपं जातं, हवेला देणं अवघड जातं. हवा विरळ असते, ती उष्णता सावकाश उचलते. म्हणून फिनचं जंगल हवेच्या बाजूला उभारलेलं असतं. रेडिएटर सुधारायचा म्हणजे बहुतेक वेळा ही हवेची बाजू सुधारायची, हे मनात ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

"पाणी हळू गेलं तर रेडिएटरमध्ये जास्त वेळ थांबतं आणि जास्त थंड होतं," असं सांगणारे मेकॅनिक नागपूरपासून न्यूकॅसलपर्यंत सगळीकडे भेटतात. एका थेंबापुरतं ते खरं आहे. पण तो थेंब इंजिनातही तेवढाच जास्त वेळ थांबून जास्त तापतो, आणि दर मिनिटाला कमी थेंब येतात. हिशोबात तोटाच होतो.

३. तापमान ठरवतो कोण?

इथे बहुतेकांची समजूत चुकते. इंजिनाचं रोजचं तापमान रेडिएटर ठरवत नाही. ते थर्मोस्टॅट ठरवतो.

थर्मोस्टॅट म्हणजे मेणाची गोळी बसवलेली झडप. इंजिन थंड असताना ती बंद असते आणि कूलंट रेडिएटरकडे न जाता इंजिनातच फिरतं. एफडीत ती ८२ अंशांना उघडायला लागते आणि पुढच्या दहा-बारा अंशांत पूर्ण उघडते. कूलंट गार झालं की ती पुन्हा मिटू लागते. म्हणजे थर्मोस्टॅट तळ राखतो. रेडिएटर कितीही मोठा असो, इंजिन ८२ च्या फार खाली जाणारच नाही. जाऊही नये. थंड इंजिनात तेल दाट राहतं, झीज वाढते, आणि इंजिन अजून गरम झालेलं नाही असं समजून गाडीचा संगणक जास्त पेट्रोल सोडत बसतो.

मग थर्मोस्टॅट काढूनच टाकला तर? आपल्याकडे घाटात गाडी तापली की हा उपाय सर्रास करत. काही इंजिनांत तो उलटतो. त्या थर्मोस्टॅटला मागे आणखी एक चकती असते, आणि झडप उघडली की ती इंजिनातल्या इंजिनात फिरणारी आडवाट बंद करते. थर्मोस्टॅट काढला की ही आडवाट कायमची उघडी राहते. बरंचसं कूलंट रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात शिरतं आणि गाडी आणखी तापते.

दुसरा अधिकारी म्हणजे पंख्याचा स्विच. मूळ एफडीत पंखे कूलंट १०५ अंशांवर गेल्यावर सुरू होतात. आकडा वाचून दचकायला होतं, पण तो तसाच आहे. आता सिडनीच्या पॅरामाटा रोडवर सिग्नलला अडकलेली एफडी डोळ्यांपुढे आणा. गाडी उभी, समोरून वारा नाही, पंखे बंद. कूलंट ९०, ९५, १०० करत १०५ ला पोहोचणार, मग पंखे लागणार. रेडिएटर मूळचा असो की दुप्पट जाडीचा, पोहोचणार १०५ लाच. मोठा असेल तर दोन मिनिटं उशिरा. अशा मालकाने महागडा रेडिएटर घेऊन कपाळाला हात लावला तर नवल नाही. त्याला हवा होता ९५ अंशांना चालू होणारा पंख्याचा स्विच, आणि त्याची किंमत रेडिएटरपुढे किरकोळ असते. तोवर जुजबी उपाय म्हणजे एसी चालू करणे, कारण एसीबरोबर पंखे फिरू लागतात.

बरं, एवढं तापमान गेलं हे मालकाला कळतं का? नेहमी नाही. एफडीचा काटा, आणि इतर अनेक गाड्यांचाही, मुद्दाम असा जुळवलेला असतो की मधल्या मोठ्या पट्ट्यात तो हलतच नाही. ग्राहकाने उगाच घाबरू नये म्हणून केलेली ही सोय. काटा हलायला लागतो तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून रेडिएटरच्या आधी अंशांत आकडा दाखवणारा मीटर बसवावा. आजार मोजल्याशिवाय औषध घेऊ नये, एवढा शहाणपणा गाडीच्या बाबतीतही चालतो.

४. पाटीवरचं गणित

आता रेडिएटर खरोखर कुठे कामी येतो ते पाहू. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल धरले आहेत.

शर्यतीच्या ट्रॅकवर आपली गाडी सरासरी ७० किलोवॅट उष्णता कूलंटमध्ये ओतते असं धरू. मूळ रेडिएटरची ताकद अशी, की कूलंट आणि बाहेरची हवा यांच्यात एक अंशाचा फरक असेल तर तो १ किलोवॅट उष्णता फेकतो. मग ७० किलोवॅट फेकायला फरक ७० अंशांचा हवा. बाहेर २५ अंश असतील तर कूलंट ९५ वर स्थिरावेल. थर्मोस्टॅट पूर्ण उघडा, गाडी खुशीत.

बाहेर ३५ झाले तर? फरक तोच ७०, म्हणून कूलंट १०५. आणि ४५ असतील तर ११५. थर्मोस्टॅट पूर्ण उघडला की त्याच्या हातात काहीच उरत नाही. तिथून पुढे बाहेरचा प्रत्येक अंश जसाच्या तसा कूलंटमध्ये चढतो. ऑस्ट्रेलियात हे कागदावरचं गणित राहत नाही. ४ जानेवारी २०२० ला ईस्टर्न क्रीकपासून जवळच असलेल्या पेनरिथमध्ये पारा ४८.९ वर गेला होता. आणि वेधशाळेचा आकडा सावलीतला असतो. उन्हात तापलेल्या डांबराला लागून जी हवा असते, ती गाडीच्या नाकात शिरते.

आता एका अंशाच्या फरकाला सव्वा किलोवॅट फेकणारा रेडिएटर बसवू. ७० भागिले १.२५ म्हणजे ५६. फरक ५६ अंशांचा पुरे. बाहेर ४५ असताना कूलंट १०१ वर थांबेल. ११५ वरून १०१, म्हणजे चौदा अंशांची कमाई. ३५ असताना नव्वदीच्या थोडं वर. आणि २५ असताना? हिशोबाने ८१ यायला हवेत, पण तिथे थर्मोस्टॅट आड येतो, अर्धवट मिटतो आणि कूलंटला ८५ च्या आसपास धरून ठेवतो. शहरातल्या रस्त्यावर संथ चालवलं तर ७० किलोवॅटचा प्रश्नच नसतो. तिथे जुना रेडिएटरही ८५ देत होता आणि नवाही तेच देतो.

एकाला चौदा अंश आणि दुसऱ्याला शून्य, ते असं. पहिला जानेवारीच्या उन्हाळ्यात ट्रॅकवर गेला होता, दुसरा जुलैच्या हिवाळ्यात ऑफिसला. मोठा रेडिएटर इंजिनाला थंड करत नाही. इंजिन थर्मोस्टॅटच्या ताब्यातून कधी सुटेल, ती वेळ पुढे ढकलतो.

घाटाचं कोडंही याच गणितात सुटतं. कसारा किंवा खंबाटकी चढताना इंजिन पूर्ण जोरात असतं, उष्णता भरपूर, पण वेग कमी म्हणून वारा कमी. शिवाय वारा पाठीमागून येत असला तर गाडीचा वेग आणि वाऱ्याचा वेग एकमेकांना खातात. रेडिएटरची 'एका अंशाला इतके किलोवॅट' ही ताकद वाऱ्यावर अवलंबून असते, ती अशा वेळी घसरते. माउंट पॅनोरमावरही तसाच चढ आहे. ६.२१३ किलोमीटरच्या एका फेरीत सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा बिंदू यांत १७४ मीटरचा फरक. डोंगराच्या माथ्यावर अरुंद वळणं, आणि तिथून उतरून कॉनरॉड स्ट्रेटवर सुसाट वेग. म्हणजे तापायला चढ आणि निवायला सरळ रस्ता, दोन्ही दर फेरीत. (शर्यत नसेल त्या दिवशी हा सार्वजनिक रस्ता असतो आणि वेगमर्यादा ताशी ६० किलोमीटर. पोलिसही असतात.)

५. जाड घ्यावा की रुंद?

जाहिरातीत रेडिएटरची जाडी ठळक अक्षरांत छापलेली असते. २५ मिलिमीटरचा काढून ५० चा घातला की काम दुप्पट, असं वाटतं. तसं होत नाही. हवा पुढच्या अर्ध्या भागातून जाताना तापते आणि मागच्या अर्ध्या भागाला गरम हवाच मिळते. फरक कमी, म्हणून उष्णताही कमी फेकली जाते. त्यात जाड जाळीतून हवा ढकलायला जोर जास्त लागतो. पंखा दुबळा असेल तर ट्रॅफिकमध्ये जाड रेडिएटर मूळच्यापेक्षा वाईट वागू शकतो. जागा असेल तर आधी रुंदी-उंची वाढवावी, जाडी शेवटी. पण एफडीसारख्या बुटक्या नाकाच्या गाडीत रुंदी-उंचीला वाव नसतो. म्हणून नाइलाजाने जाडी वाढते आणि त्याबरोबर पंखा आणि हवेची वाट सुधारावी लागते.

धातूबद्दलही एक गैरसमज दूर करू. उष्णता वाहून नेण्यात तांबं ॲल्युमिनियमपेक्षा सरस आहे. जुने रेडिएटर तांब्या-पितळेचे असत. तरी ॲल्युमिनियम जिंकलं, कारण ते हलकं आहे, आणि त्याच्या नळ्या रुंद करून फिनला भट्टीत एकजीव जोडता येतात. जुन्या पद्धतीत मध्ये शिशाच्या डाकाचा थर येई, आणि डाक उष्णता नेण्यात मंद. आजच्या कारखान्यातल्या बहुतेक रेडिएटरांत जाळी ॲल्युमिनियमची आणि दोन्ही टोकांच्या टाक्या प्लॅस्टिकच्या, पत्र्याची कड दुमडून बसवलेल्या असतात. हे प्लॅस्टिक वीस-तीस वर्षं तापून-निवून ठिसूळ होतं आणि जोडावर तडकतं. ऑस्ट्रेलियातल्या एफडी आता त्या वयाच्या आहेत. म्हणून संपूर्ण ॲल्युमिनियमचा रेडिएटर घ्यायला तापमान हे एक कारण, आणि भर रस्त्यात टाकी फुटू नये हे दुसरं. माझ्या मते दुसरं जास्त वजनदार आहे.

या धंद्यात ऑस्ट्रेलियाचं नाव मोठं आहे. क्वीन्सलँडच्या गोल्ड कोस्टवरची पीडब्ल्यूआर ही कंपनी कीस वील आणि त्यांचे शर्यतपटू चिरंजीव पॉल वील यांच्या उद्योगातून वाढली. आज ती फॉर्म्युला वनच्या संघांनाही रेडिएटर पुरवते आणि २०१५ पासून ऑस्ट्रेलियाच्या शेअर बाजारात नोंदलेली आहे.

६. आत आलेली हवा बाहेर कुठून जाणार?

समजा उत्तम रेडिएटर आणला, नाकामागे बसवला, आणि कडेने बोटभर फट राहिली. हवेला फिनच्या दाटीतून जाण्यापेक्षा फटीतून निसटणं सोपं. ती तेच करते. फोम आणि पत्र्याच्या पट्ट्या लावून या फटी बुजवणं हे सगळ्या सुधारणांत स्वस्त काम आहे, आणि सगळ्यात दुर्लक्षित. ते फोटोत दिसत नाही ना!

पण अर्धी गोष्ट मागच्या बाजूला आहे. रेडिएटरमधून हवा जाते ती पुढचा दाब मागच्यापेक्षा जास्त असतो म्हणून. बॉनेटखाली हवा कोंडली तर पुढून कितीही मोठं तोंड ठेवा, हवा आत शिरणार नाही. काही जण बॉनेटची मागची कड वॉशर घालून बोटभर उचलतात, गरम हवा निघून जावी म्हणून. उभ्या गाडीत ती जातेही. वेगात मात्र समोरच्या काचेच्या पायथ्याशी हवेचा दाब वाढलेला असतो, त्यामुळे तिथून हवा बाहेर निघण्याऐवजी आत घुसू शकते. जाळी कापायची तर बॉनेटच्या पुढच्या अर्ध्या भागात, रेडिएटरच्या लगेच मागे. तिथे वेगात दाब कमी असतो, हवा आपणहून खेचली जाते.

हवेची वाट किती महत्त्वाची, ते विमानवाल्यांना गाडीवाल्यांच्या फार आधी उमगलं. इंग्लंडमधले शास्त्रज्ञ फ्रेडरिक मेरेडिथ यांनी १९३० च्या दशकात दाखवून दिलं, की रेडिएटरच्या आधी वाट हळूहळू रुंद केली तर हवा मंदावते, दाब वाढतो, ती जाळीतून निवांत जाते. मागे वाट निमुळती केली तर तापलेली, फुगलेली हवा जोराने बाहेर पडते आणि रेडिएटरमुळे होणारा वाऱ्याचा अडथळा बराच भरून निघतो. दुसऱ्या महायुद्धातल्या मस्टँग विमानाच्या पोटाखाली जो फुगीर भाग दिसतो, तो हाच मार्ग. मेलबर्नच्या फिशरमन्स बेंडला कॉमनवेल्थ एअरक्राफ्ट कॉर्पोरेशनने अशी २०० मस्टँग बांधली. गाडीच्या नाकात तेवढी लांबी मिळत नाही, पण तत्त्व तेच: लहान तोंड, फुगत जाणारा बोगदा, मग जाळी. तोंड जाळीएवढंच मोठं असायची गरज नसते.

एफडीत याला आणखी एक गुंता. ताकद वाढवायची म्हणून शौकीन मोठा इंटरकूलर आणतात. टर्बोने दाबलेली हवा तापते, तिला इंजिनात जाण्याआधी निववणारा हा दुसरा रेडिएटरच. तो सरळ मुख्य रेडिएटरच्या पुढ्यात बसवला, की मुख्य रेडिएटरला आधीच तापलेली हवा मिळते. चौथ्या भागातलं गणित आठवा. नाकात शिरणारी हवा ३५ ची असली तरी इंटरकूलर आणि एसीची जाळी ओलांडून ती ५० ची झाली, तर रेडिएटरच्या लेखी बाहेर ५० अंशच आहेत. कूलंटही तेवढंच वर चढतं. मग मालक म्हणतो, "मोठा रेडिएटर टाकला तरी गाडी तापते." यावर रोटरीवाल्यांनी काढलेला तोडगा देखणा आहे. इंटरकूलर आणि रेडिएटर आडव्या इंग्रजी 'व्ही'सारखे कलते ठेवायचे, उघडी बाजू पुढे. समोरून आलेली हवा दोघांत वाटली जाते, दोघांनाही ताजी मिळते. एकाची गरम हवा बॉनेटमधून वर जाते, दुसऱ्याची खाली. याला ते 'व्ही-माउंट' म्हणतात. काम किचकट, पत्राकाम जास्त, पण नुसता रेडिएटर बदलण्यापेक्षा शहाणपणाचं.

ताशी ५०-६० किलोमीटरच्या पुढे वाराच पंख्याचं काम करतो. त्याच्या खाली पंखा लागतो, आणि पंख्यामागे संपूर्ण जाळी झाकणारं कव्हर हवं. ते नसेल तर पंखा आपल्या गोलापुरतीच हवा ओढतो, कोपरे कोरडे राहतात. शर्यतीत पुढच्या गाडीच्या शेपटीला चिकटून चालवणाऱ्यालाही वाऱ्याचा तुटवडा पडतो. म्हणून चालक मधूनच अर्धी गाडी बाजूला काढून रेडिएटरला वारा पाजतात.

७. झाकण आणि पाणी

रेडिएटरचं झाकण हे दाबाचं झाकण असतं. मूळ एफडीचं साधारण ०.९ बारचं. एवढ्या दाबाखाली साधं पाणी १०० ऐवजी जवळपास ११९ अंशांना उकळतं; निम्मं ग्लायकॉल असेल तर त्याहूनही वर. झाकणाचं रबर झिजलं तर दाब टिकत नाही, आणि १०५ ला सुरक्षित असलेलं कूलंट उकळू लागतं. वाफेचा बुडबुडा धातूला चिकटला की तिथली उष्णता उचलणारं कोणी उरत नाही. गाडी तापण्याचं कारण शोधताना पहिला संशय झाकणावर घ्यावा. गरम असताना ते उघडू नये, हे महाराष्ट्रातल्या एसटीच्या कोणत्याही जुन्या ड्रायव्हरला विचारा.

ग्लायकॉलमुळे उकळबिंदू वाढतो, गोठणबिंदू खाली जातो, पण त्याची उष्णता धरण्याची ताकद पाण्यापेक्षा कमी. निम्म्या मिश्रणात ती दहा-पंधरा टक्क्यांनी उतरते. म्हणून ट्रॅकवाले जवळजवळ शुद्ध पाणी आणि गंजरोधक द्रव वापरतात. सांडलेलं ग्लायकॉल रस्ता निसरडा करतं, त्यामुळे काही शर्यतींच्या नियमांतही त्याला मज्जाव असतो. पण बाथर्स्टला हिवाळ्यात रात्रीचा पारा शून्याखाली उतरतो. तिथे ट्रॅकची गाडी नुसत्या पाण्यावर अंगणात सोडून झोपलात, तर सकाळी इंजिन फुटलेलं सापडेल. नळाचं पाणी वापरू नये. त्यातले क्षार ॲल्युमिनियम खातात.

८. काम हाती घेताना

आधी जुना रेडिएटर पुढून नीट पाहावा. ऑस्ट्रेलियाच्या आतल्या भागातून फिरून आलेल्या गाड्यांच्या फिनमध्ये टोळ, पतंग आणि गवताचं बी गच्च बसलेलं असतं. तिकडचे लोक हंगामात नाकावर बारीक जाळी लावतात. ही घाण मागून पुढे पाणी मारून काढली, की पुष्कळदा नव्या रेडिएटरचा विचार मावळतो. पाणी जोराने मारू नये, फिन वाकतात.

मग तापतंय काय ते पाहावं. टोयोटा ८६ सारख्या गाडीत ट्रॅकवर कूलंट शहाण्यासारखं वागतं आणि तेलच भडकतं. तिथे तेलाचा कूलर हवा. रोटरीत तर रोटर आतून तेलानेच निवतात, त्यामुळे तेलाकडे दुर्लक्ष करून रेडिएटरवर खर्च करणं म्हणजे अर्धाच इलाज.

नवा बसवल्यावर सगळ्यात चिकाटीचं काम म्हणजे आत अडकलेली हवा काढणं. एफडीत हवा वेगळी काढणारी एक छोटी प्लॅस्टिकची टाकी असते. तीही वयाने तडकते, म्हणून त्याच वेळी ॲल्युमिनियमची घालून टाकावी. गाडीचं नाक थोडं उंच ठेवायचं, हीटर पूर्ण गरमवर, झाकण उघडं, आणि थंड इंजिन सुरू करून बुडबुडे थांबेपर्यंत कूलंट भरत राहायचं. दुसऱ्या दिवशी इंजिन थंड असताना पातळी पुन्हा बघायची. ती बहुधा उतरलेली असते.

शेवटी, फरक पडला की नाही ते मोजताना कूलंटच्या आकड्याशेजारी हवेचं तापमान लिहून ठेवा. जुन्या रेडिएटरचे आकडे फेब्रुवारीतले आणि नव्याचे ऑगस्टमधले असतील, तर नुसता कूलंटचा आकडा काहीच सांगत नाही. दोन्हींतून त्या त्या दिवशीची हवा वजा करा आणि उरलेला फरक ताडून पहा. तोही थर्मोस्टॅट पूर्ण उघडा असताना, म्हणजे ट्रॅकवर चार-पाच फेऱ्या जोरात मारल्यावर घेतलेला असेल तरच.